धरमपेठेतलं रविवारचं कथावाचन, 'मित्र' मालिका: पाचपैकी चार स्टार

आधी कामाचं सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच ठरवायचं आहे त्यांचा वेळ वाचेल. नागपूरच्या धरमपेठेतल्या या छोट्या वाचनालयात वरच्या हॉलमध्ये महिन्याचे चार रविवार कथावाचन असते, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. दर रविवारी एकच कथा, ती मोठ्याने वाचतात अन् मग चर्चा. चारही रविवारचे मिळून पाचशे रुपये, कथेची झेरॉक्स त्यातच, चहा अन् आलूबोंडा पण त्यातच. पार्किंग नाही, गाडी ट्राफिक पार्कच्या बाजूला लावून चालत यावं लागते, त्यापेक्षा मेट्रोने शंकरनगर चौकाला उतरलेलं बरं. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, गुडघ्याचा त्रास असेल तर सोबत कोणीतरी घेऊन या.

मे महिन्याच्या मालिकेचं नाव होतं 'मित्र'. नाव ऐकून मैत्रीच्या गोड गोष्टी असतील असं वाटते, पण निवड वेगळीच होती. चारही कथांमध्ये एक माणूस असा आहे की तो मित्राचं नुकसान करून राहिला आहे अन् त्याला मनापासून वाटते की आपण भले आहोत. जाणूनबुजून फसवणारा यात कोणीच नाही. अशी माणसं कथेत दाखवणं अवघड असते, कारण तो माणूस स्वतःबद्दल जे काही बोलतो ते सगळं चांगलंच असते, त्यामुळे लेखकाने आरडाओरडा न करता आपल्याला दाखवून द्यावं लागते, अन् वाचणाऱ्याने घाई केली की हातातून निसटते. म्हणून मोठ्याने, सावकाश वाचणं या विषयाला फार जमलं.

वाचन ज्या मॅडम घेतात त्या आधी कॉलेजात शिकवायच्या. त्यांची एक पद्धत आहे अन् माझ्या मते पाचशे रुपये त्याच पद्धतीचे आहेत. त्या वाचता वाचता मध्येच थांबतात अन् विचारतात, "आता याच्यासमोर काय आहे, अन् हा त्यातलं काय पाहत नाहीये?" अन् नियम एकच, पात्राला शिवी द्यायची नाही. नालायक, ढोंगी, टॉक्सिक असं काही म्हणायचं नाही, झेरॉक्सवर बोट ठेवून वाक्य दाखवायचं. सुरुवातीला लोकांना हे जड जाते कारण आपल्याला निकाल द्यायची सवय असते, पण एकदा शिवी द्यायची बंद झाली की माणूस नीट दिसायला लागतो.

पहिल्या रविवारी ऑस्कर वाइल्डची 'द डिव्होटेड फ्रेंड', १८८८ च्या परीकथांच्या पुस्तकातली. मराठी भाषांतर मॅडमनीच केलेलं, अन् चांगलं केलेलं. छोटा हान्स नावाचा गरीब बागवाला अन् त्याचा श्रीमंत मित्र, ह्यू नावाचा गिरणीवाला. गिरणीवाला जाता येता हान्सच्या बागेतली फुलं, फळं घेऊन जातो अन् मैत्रीवर फार सुंदर बोलतो. हिवाळ्यात हान्सकडे खायला नसते तेव्हा मात्र तो तिकडे फिरकत नाही, अन् घरी शेकोटीजवळ बसून बायकोला समजावतो की माणूस अडचणीत असला की त्याला एकटं राहू द्यावं, पाहुण्यांचा त्रास देऊ नये. त्याचा धाकटा मुलगा म्हणतो, मग हान्सलाच इकडे बोलवा ना, मी माझी अर्धी पेज त्याला देतो. तर बाप त्याच्यावर चिडतो. आपली ऊब, आपलं जेवण पाहून हान्सच्या मनात हेवा येईल, हेव्याने माणसाचा स्वभाव बिघडतो, अन् मी त्याचा मित्र आहे, मी असं होऊ देणार नाही!

इथे मॅडम थांबल्या. एक इंजिनिअरिंगचा मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, हा माणूस फेक आहे." मॅडम म्हणाल्या, "बरं, मग खोटं बोललेली एक जागा दाखव." मग सगळे झेरॉक्समध्ये डोकं घालून शोधून राहिले. शेवटी नागपूरच्या महाल भागातून येणारे एक काका म्हणाले की ती हातगाडी पाहा. गिरणीवाला हान्सला आपली मोडकी हातगाडी द्यायचं कबूल करतो, अन् त्या क्षणापासून गाडी दिलीच आहे असं धरून बोलतो. मी तुला माझी गाडी दिली, तर तू मला फुलं दे, टोपली पूर्ण भर. मी तुला गाडी दिली, तर ती फळी दे, माझ्या कोठाराच्या छताला भोक पडलं आहे (त्याच फळीने हान्स ती गाडी दुरुस्त करणार होता). मग पिठाचं पोतं बाजारात नेऊन दे, छत दुरुस्त करून दे, मेंढ्या डोंगरावर घेऊन जा. गाडी शेवटपर्यंत मिळत नाही. काका म्हणाले, "हा हान्सशी खोटं बोलून नाही राहिला, याच्या वहीत ती गाडी ज्या दिवशी बोलला त्याच दिवशी खर्ची पडली, तेव्हापासून हा फक्त उधारी वसूल करतो." सगळे गप्प झाले, कारण प्रत्येकाला आपल्या ओळखीतलं कोणीतरी आठवलं असणार. मला तर आठवलंच.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट पुढे होती. मॅडमनी विचारलं की या माणसाला हे सगळं इतके दिवस निभावता कसं येते. मग लक्ष गेलं बायकोकडे. नवरा काही बोलला की ती म्हणते, किती छान बोलता तुम्ही, अगदी चर्चमध्ये बसल्यासारखं वाटते. अन् हान्स स्वतः? तो गिरणीवाल्याची मैत्रीवरची सुंदर वाक्यं वहीत लिहून ठेवतो अन् रात्री वाचतो! म्हणजे ज्याचं नुकसान होऊन राहिलं तोच त्याचा सगळ्यात मोठा चाहता. घरात एकच जण वेगळं बोलला, तो पोरगा, अन् त्याला इतकं बोलले की तो रडायला लागला. मॅडमचं म्हणणं असं की माणसाला एकट्याने स्वतःला फार दिवस फसवता येत नाही, त्याला माना डोलावणारी माणसं लागतात, अन् ती माणसं म्हणजे बहुतेक वेळा मित्रच. हे सूत्र त्यांनी पुढच्या तिन्ही रविवारी तपासत नेलं, अन् त्यामुळे चार सुट्या कथा न वाटता मालिका वाटली.

शेवट माहीत नसेल तर इथून चार ओळी सोडून वाचा. वादळी रात्री गिरणीवाला हान्सला डॉक्टर आणायला पाठवतो, कंदील मात्र देत नाही कारण कंदील नवा आहे. परत येताना हान्स दलदलीत बुडून मरतो. अंत्ययात्रेत गिरणीवाला सगळ्यात पुढे, अन् तक्रार कशाची तर आता त्या मोडक्या गाडीचं मी काय करू, मी तर ती जवळपास दिलीच होती. अन् ही सगळी गोष्ट ज्या पाणउंदराला सांगितली जाते तो शेवटी विचारतो, गिरणीवाल्याचं पुढे काय झालं? मॅडमनी हे वाक्य वाचून झेरॉक्स खाली ठेवली अन् पाच मिनिटं चहाची सुट्टी दिली. चर्चा लगेच सुरू केली नाही हे मला फार आवडलं.

दुसऱ्या रविवारी प्रेमचंद, 'शतरंज के खिलाड़ी', १९२४ ची. ही मुळातूनच हिंदीत वाचली अन् ते बरोबर केलं. १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं, आपल्या घराघरात हिंदी आहे, भाषांतर कशाला पाहिजे. गर्दी पण याच दिवशी जास्त होती, कारण सत्यजित राय यांचा १९७७ चा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिलेला. अन् तिथेच गंमत झाली, सिनेमात दोघं मित्र शेवटी जिवंत राहतात, कथेत ते एकमेकांना तलवारीने मारून मरतात, त्यामुळे अर्धा हॉल म्हणून राहिला की छापण्यात चूक आहे.

कथा सगळ्यांना साधारण माहीत आहे. लखनौ, वाजिद अली शाहचा काळ, मिर्झा अन् मीर हे दोन जहागीरदार मित्र दिवसरात्र बुद्धिबळ खेळतात, घरात कटकट वाढली म्हणून गोमतीपलीकडच्या ओसाड मशिदीत जाऊन डाव मांडतात. समोरून कंपनीची फौज जाते, तरी खेळ चालू. पण मॅडमनी ज्या जागेवर थांबवलं ती मी सिनेमाच्या आठवणीत पार विसरून गेले असते. फौज जाताना मीर घाबरून सांगतो, तेव्हा मिर्झा त्याला शह वाचवायला सांगतो. अन् संध्याकाळी नवाबाला कैद करून फौज परत येते तेव्हा मिर्झाला एकदम नवाबाचं दुःख होते, जालिमांनी पकडलं हो, किती निर्दयी तुम्ही! आता मीर म्हणतो, आधी स्वतःचा बादशाह वाचवा. मॅडमनी विचारलं, सकाळी ज्याला काही वाटलं नाही त्याला संध्याकाळी अचानक काय झालं? उत्तर कथेतच आहे, तेव्हा मिर्झाचा डाव कमजोर पडला होता. दुःख खोटं आहे असं म्हणता येत नाही, पण ते बरोबर वेळेवर आलं. प्रेमचंद हे एका साध्या वाक्यात सांगतात अन् पुढे जातात. मला वाटते अख्ख्या कथेत यापेक्षा धारदार जागा नाही.

अन् इथेही ते सूत्र लागू पडलं. एकटा मिर्झा इतके दिवस घर, बायको, राज्य सगळं विसरून बसू शकला नसता, त्याला समोर तसाच एक मीर पाहिजे होता. दोघंही एकमेकांना कधी एका शब्दाने टोकत नाहीत, कारण टोकलं तर डाव मोडेल. महालातल्या काकांनी मग आपल्याकडचं काढलं. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात गेले, दत्तक मान्य न करता डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, अन् अवध गेलं १८५६ मध्ये, म्हणजे लखनौच्या दोन वर्षं आधी आपला नंबर लागला होता. काका म्हणाले, "महालातल्या वाड्यांमध्ये तेव्हा कोण कोणता डाव मांडून बसलं होतं, ते लिहायला आपल्याला प्रेमचंद भेटला नाही." यावर बराच वेळ बोलणं झालं, वेळ संपली तरी कोणी उठेना, मॅडमनी पण घाई केली नाही.

तिसरा रविवार रशियन लेखक चेखवचा, १८९२ ची कथा, इंग्रजीत 'द ग्रासहॉपर' या नावाने मिळते. माझ्यासाठी चारही रविवारांतला हा सगळ्यात वरचा. ओल्गा नावाची तरुण बाई, तिचा नवरा दीमोव डॉक्टर, दोन दवाखान्यांत काम करणारा साधा माणूस. ओल्गाला मोठ्या माणसांची हौस, तिच्याकडे दर बुधवारी चित्रकार, नट, गायक, लेखक जमतात, अन् सगळे मिळून दीमोवला सभ्य पण किरकोळ माणूस समजतात. तो रात्री साडेअकराला दार उघडून म्हणतो, चला, जेवायला चला. तेवढंच त्याचं काम. एकदा तो दमून भागून खाण्याची पिशवी घेऊन गावाकडच्या बंगल्यावर येतो, बायकोला भेटायला, तर ती त्याला तसाच उलट्या पावली शहरात पाठवते, कारण दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी तिचा गुलाबी ड्रेस आणायचा आहे. तो जातो. त्याने आणलेलं खाणं तिचे पाहुणे खाऊन टाकतात. इथे हॉलमधल्या बायका अक्षरशः हळहळल्या.

ओल्गा वाईट नाही, हे मॅडमनी परत परत दाखवलं. ती त्याच्यावर प्रेम करते, मित्रांसमोर त्याचं कौतुकही करते, फक्त तो कोण आहे हे तिला कधी दिसतच नाही, कारण मोठा माणूस कसा दिसतो हे त्या बुधवारच्या मित्रांनी मिळून आधीच ठरवून टाकलं आहे. घटसर्प झालेल्या मुलाच्या घशातला पडदा नळीने ओढून काढताना दीमोवला तोच आजार होतो. मेडिकल कॉलेजातून रिटायर झालेले एक डॉक्टर आमच्यात आहेत, त्यांनी सांगितलं की घटसर्पात घशात असा पडदा धरतो, मूल गुदमरते, अन् तोंडाने नळी ओढणं म्हणजे जंतू स्वतःकडे बोलावणं. तेव्हा अँटिटॉक्सिन अजून हाताशी आलेलं नव्हतं. ते इतकं शांतपणे सांगितलं त्यांनी, पण आवाज जरा बदलला होता. दीमोव मरून राहिला असताना त्याचा डॉक्टर मित्र पहिल्यांदा मोठ्याने सांगतो की हा केवढा माणूस होता, अन् ओल्गाला तेव्हा कळते की ज्याला ती आयुष्यभर बाहेर शोधत होती तो घरातच होता. हळहळ तिला होते, पण त्या हळहळीत पण एक हिशोब आहे, आपण एक थोर माणूस हातचा घालवला. हे मॅडमनी न बोलता फक्त ते दोन परिच्छेद परत वाचून दाखवले.

मग त्यांनी कथेच्या बाहेरची हकीकत सांगितली अन् ती कथेइतकीच भारी आहे. चेखवचा जुना मित्र, चित्रकार लेवितान, त्याला कथेतल्या ओल्गाच्या प्रियकरात, तोही चित्रकारच, स्वतःचा चेहरा दिसला. लेवितानची मैत्रीण सोफिया कुवशिनिकोवा, ती चित्रं काढायची, नवरा डॉक्टर, घरी कलावंतांचा राबता, सगळं जुळते. लेवितानने जवळपास तीन वर्षं चेखवशी बोलणं टाकलं. चेखवने एका पत्रात लिहिलं की बेचाळीस वर्षांच्या एका ओळखीच्या बाईने माझ्या विशीतल्या नायिकेत स्वतःला ओळखलं अन् सगळी मॉस्को माझ्यावर बदनामीचा आरोप करते. १८९५ च्या जानेवारीत एका मैत्रिणीने लेवितानला धरून चेखवच्या मेलिखोवोच्या घरी नेलं अन् दोघं काही झालंच नाही अशा थाटात बोलायला लागले. आता मॅडमचा प्रश्न, ज्याने ओल्गाचं आंधळेपण इतकं बारीक पाहिलं, त्या चेखवला आपण मित्रांच्या घरातलं उचलून छापलं हे दिसलं नसेल? हॉलमध्ये दोन तट पडले. डॉक्टर म्हणाले त्याला पक्कं माहीत होतं. माझं मत, कथेतल्या बाईचं वय बदललं की माणूस बदलला असं त्याने स्वतःला पटवलं, अन् मॉस्कोत त्याला तसं सांगणारे मित्रही असतीलच. यावर अजून घरी वाद चालू आहे.

चौथा रविवार फसला, अन् एक स्टार मी इथेच कापला. आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'अ पेनफुल केस', १९१४ च्या 'डब्लिनर्स'मधली. डफी नावाचा एकटा, फार शिस्तीचा माणूस, त्याची एका विवाहित बाईशी, मिसेस सिनिकोशी मैत्री होते, बोलणं, पुस्तकं, विचार. एका संध्याकाळी ती त्याचा हात गालाला लावते अन् तो घाबरून मैत्रीच तोडून टाकतो. चार वर्षांनी जेवताना तो पेपरमध्ये वाचतो की ती रेल्वे स्टेशनवर गाडीखाली गेली. आधी त्याला राग येतो की अशा बाईशी मी मनातलं बोललो, मग हळूहळू त्याला काय झालं ते समजायला लागते. निवड उत्तम होती, कारण आधीच्या तिघांच्या भोवती माणसं होती अन् डफीला कोणीच नाही, मग तो चार वर्षं स्वतःला कसा फसवू शकला, मॅडमचं सूत्र इथे मोडते की टिकते हे पाहायचं होतं.

पण झालं असं की वेळ कमी होता म्हणून कथेतली ती पेपरची बातमी वाचलीच नाही, दोन वाक्यांत सारांश सांगितला. झेरॉक्समध्ये पण ती कापलेली. अन् माझ्या मते उत्तर त्या बातमीतच आहे! मी घरी जाऊन इंटरनेटवर मूळ कथा काढून वाचली. चौकशीची लांबलचक बातमी आहे, रेल्वेची बाजू, इंजिन ड्रायव्हरची बाजू, नवऱ्याची, मुलीची, अन् शेवटी निर्वाळा की यात कोणाचाही दोष नाही. सगळं शहर मिळून मान डोलावते, डफीला वेगळे मित्र लागतच नाहीत. म्हणजे सूत्र मोडत नाही, उलट इथे सगळ्यात भयंकर होऊन समोर येते, अन् नेमकं तेच कोणाला ऐकायला मिळालं नाही, म्हणून चर्चा एकटेपणा, डिप्रेशन, नातेसंबंध अशी कुठेही भरकटत गेली. जी मालिका मध्येच थांबून एकेक वाक्य पाहायला शिकवते तिनेच शेवटच्या दिवशी पानभर मजकूर गाळावा याचं वाईट वाटलं. वेळ नसेल तर चर्चा कमी करा, कथा कापू नका. हे मी त्यांच्या वहीत लिहून आले आहे, मॅडमनी वाचून हो म्हटलं.

बाकी तक्रारी किरकोळ. कूलर चालू ठेवला तर मागच्या रांगेत ऐकू येत नाही अन् मे महिन्यात बंद करता येत नाही, एक साधा माइक घ्या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, दोन तास बसणं वयस्कर लोकांना जड जाते. दोन-तीन लोक प्रत्येक वेळी दहा दहा मिनिटं बोलतात, त्यांना आवरायला पाहिजे, कारण मागे बसलेल्या कॉलेजच्या पोरींना बोलायचं असते अन् त्या हात वर करून खाली घेतात. आलूबोंडा गरम असतो, चहा जास्त गोड.

अन् एक मोठी मागणी. चार कथांत एकही मराठी नाही. नागपुरात बसून असं करू नये. वामन कृष्ण चोरघडे आपल्याच जिल्ह्यातल्या नरखेडचे, १९७९ च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आयुष्यभर कथा लिहिली त्यांनी, त्यांचं नाव त्या पूर्ण महिन्यात एकदाही निघालं नाही. पावसाळ्यानंतर दुसरी मालिका घेणार आहेत असं कळलं, विषय 'शेजारी'. नावनोंदणी खाली काउंटरवरच होते, तीस खुर्च्या आहेत, लवकर भरतात. मी माझं अन् जाऊबाईंचं नाव देऊन आले.